सरावपाठाचं मोबाईल चित्रीकरण: 'छान झाला'च्या पुढे चर्चा कशी न्यावी

सरावपाठ, म्हणजे शिकाऊ शिक्षकानं शाळेतल्या वर्गावर घेतलेला पाठ, मोबाईलवर रेकॉर्ड करा, ग्रुपवर टाका, चर्चा करा. शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रत्येक कार्यशाळेत हल्ली एवढा सल्ला मिळतो आणि तिथंच थांबतो. मी सांगलीत बी.एड.च्या छात्राध्यापकांबरोबर हे काम वर्षानुवर्षं करते आहे. त्यातली पहिली तीन वर्षं जवळजवळ वाया गेली, कारण मीही या सल्ल्यावर विसंबले होते. चित्रीकरण सोपं आहे. ग्रुप काढणं त्याहून सोपं. जीव काढते ती चर्चा, आणि तिच्याबद्दल कुणी काही सांगत नाही. म्हणून सोप्या पायऱ्या भराभर उरकते आणि चर्चेपाशी थांबते.

परवानगी

मुख्याध्यापकांचं पत्र पुरत नाही. वर्गातली मुलं अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती गरजेची ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी आपण ती घ्यायलाच हवी होती. पालकांना चार ओळींचं साधं पत्र द्या: कशासाठी चित्रीकरण, कोण बघणार, कुठं ठेवणार, कधी पुसणार. जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथं घरात कानडी बोलतात, तिथं पत्र कानडीतही द्या. ज्या पालकांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांना वर्गाबाहेर काढू नका, चौकटीबाहेरच्या बाकावर बसवा.

चित्रीकरण

फोन आडवा, फ्लाइट मोडवर, लेन्स रुमालानं पुसलेली. ७२०चा दर्जा पुरतो. शिराळ्याच्या पश्चिम भागात जुलैत पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पाठाचा शब्दही ऐकू येत नाही. तिथं दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून तो शिकवणाऱ्याच्या खिशात ठेवा.

फोन कुठं ठेवायचा याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सगळे सांगतात, वर्गाच्या मागे स्टँड लावा. लावू नका. मागून शिक्षकाचा चेहरा आणि पोरांच्या माना दिसतात. अशा चित्रीकरणावर शिक्षकाच्या आवाजाबद्दल आणि फळ्यावरच्या अक्षराबद्दल बोलता येतं, शिकण्याबद्दल नाही. फोन पुढच्या कोपऱ्यात, दाराच्या बाजूला, तिरका ठेवा. शिक्षक अर्धा दिसला तरी चालेल, पहिल्या तीन रांगांचे चेहरे दिसलेच पाहिजेत. पहिली दहा मिनिटं मुलं फोनकडे बघून हसतात. म्हणून आदल्या दिवशी तासभर फोन नुसता तिथं ठेवा, म्हणजे त्यांचं कुतूहल ओसरतं.

किती लांबी

सहा मिनिटं. हा आकडा मनचा नाही. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटण्याचं चक्र आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६. सूक्ष्मपाठ असेल तर तो अख्खाच टाका. पूर्ण तासिकेचा सरावपाठ असेल तर छात्राध्यापकानं स्वतः सहा मिनिटं निवडायची. तो सर्वात देखणा तुकडा निवडणार, हे ठरलेलं. म्हणून नियम असा घाला: जिथं तुम्ही अडलात, किंवा मुलं अडली असं वाटलं, तीच सहा मिनिटं द्यायची.

ठेवायचं कुठं

गूगल ड्राइव्हवर, फक्त गटातल्या सदस्यांचे ईमेल घालून, डाउनलोड बंद करून. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त लिंक. व्हिडिओ थेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर तो दाबला जातो, फळ्यावरचं वाचता येत नाही, शिवाय प्रत्येकाच्या गॅलरीत लोकांची मुलं जाऊन बसतात. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं की सुरक्षित, हा सल्ला मी तीन कार्यशाळांत ऐकला आहे. तो चुकीचा आहे. लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. शाळेच्या गावात रेंज नसेल तर शनिवारी घरी येऊन चढवा, घाई नाही.

गट किती जणांचा

सहा ते आठ. पन्नासची अख्खी तुकडी एका ग्रुपमध्ये कधीच नको. गटात अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचे विषय, मिसळा: गणिताच्या पाठाला गणितवाले आशय तपासत बसतात, मराठीवाली मात्र पोरांकडे बघते.

आता चर्चा

पहिल्या वर्षी मी पन्नास जणांचा ग्रुप काढला. पाठ पडला की अर्ध्या तासात अंगठे, फुलं, 'छान पाठ ताई', 'खूप प्रभावी'. महिनाभरात मला कळलं की कुणी व्हिडिओ उघडतच नाही. दुसऱ्या वर्षी निरीक्षण तक्ता दिला, पाचपैकी गुण द्यायचे. सगळ्यांना सगळ्यांकडून चार मिळाले. आज मी तुला चार देते, उद्या तू मला दे.

तिसऱ्या वर्षी ठरवलं की आपणच आधी परखड लिहायचं. एका छात्राध्यापिकेच्या पाठाखाली मी सात मुद्दे लिहिले, रात्री साडेदहाला, सगळ्यांसमोर. सातही मुद्दे बरोबर होते. दुसऱ्या दिवसापासून तिनं चित्रीकरण बंद केलं. 'मॅडम, फोन बिघडलाय,' असं ती वर्षभर सांगत राहिली, आणि मी तिला कधी उलटून विचारलं नाही, कारण फोन बिघडलेला नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ती दोन लहान मुलं सांभाळून रोज विट्याहून येत होती. त्या रात्री माझ्या सात मुद्द्यांनी तिच्या शिकण्याचा रस्ता बंद झाला, आणि बाकीच्यांनाही पक्कं समजलं की इथं अडलेला तुकडा टाकायचा नसतो. हे मी अजून विसरलेले नाही. तुम्ही प्रशिक्षक असाल तर एवढं कराच: पहिलं मत तुमचं नको. अठ्ठेचाळीस तास काही लिहू नका.

चौथ्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या आणि गाडी रुळावर आली.

पहिली गोष्ट: सर्वात आधी मी माझा स्वतःचा पाठ टाकला. जतकडच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर घेतलेला, बऱ्यापैकी फसलेला. मुलं घरी कानडी बोलणारी. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तर आलं नाही की तोच प्रश्न मराठीतच वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकत होते. एका छात्राध्यापकानं मोजलं: एकाच प्रश्नाची चार रूपं, मध्ये एकेक सेकंदाची उसंतही नाही. मुलांना पहिला प्रश्न मनात उलगडायला वेळ हवा होता आणि मी त्यांच्यावर नवे शब्द ओतत होते. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. हे मी वर्गात शिकवत होते. माझ्याच पाठात ते मला छात्राध्यापकांनी दाखवलं. त्या दिवसानंतर गटातल्या कुणाला अडलेला तुकडा टाकायची लाज वाटली नाही.

दुसरी गोष्ट: प्रतिक्रियेचा साचा ठरवला. तीनच वाक्यं. पहिल्यात मिनिट-सेकंद आणि तिथं काय दिसलं किंवा ऐकू आलं, विशेषण न लावता. दुसऱ्यात एका मुलानं किंवा मुलीनं काय केलं. तिसऱ्यात एक प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त शिकवणाऱ्यालाच ठाऊक असेल. छान, उत्तम, प्रभावी, 'आवाज थोडा वाढवा', 'मुलांचा सहभाग चांगला होता' हे सगळं बंद. अंगठाही बंद. सल्लाही बंद, आणि हे लोकांना सर्वात जड जातं. 'तुम्ही असं करायला हवं होतं' लिहिलं की शिकवणारा बचावाला उभा राहतो, विचार करायचा थांबतो.

पलूसजवळच्या एका शाळेतला पाचवीचा पाठ. सममूल्य अपूर्णांक. फळ्यावर दोन भाकऱ्या काढलेल्या, एकीचे दोन तुकडे, दुसरीचे चार. शिक्षिका विचारते, 'अर्धी भाकरी मोठी, का चारातले दोन तुकडे मोठे?' जुन्या पद्धतीनं गटात आलं असतं, 'शैक्षणिक साधनांचा उत्तम वापर.' साच्यानं हे आलं:

'३:१२. तुम्ही प्रश्न विचारून फळ्याकडे वळता. दुसऱ्या रांगेतली लाल रिबिनीची मुलगी हळू म्हणते, चारातले दोन, तुकडे जास्त आहेत. ३:१४ ला मागून सारखेच असं येतं आणि तुम्ही शाब्बास म्हणता. ताई, तिचं उत्तर तुम्हाला ऐकू आलं होतं का?'

रात्रभर काही उत्तर नाही. सकाळी सातला आलं: 'आधी वाटलं नाही आलं. चार वेळा बघितलं. आलं होतं. मी बरोबर उत्तराची वाट बघत होते.'

निरीक्षण तक्त्यात चार गुण मिळवणाऱ्या छात्राध्यापकाला हे वाक्य वर्षभरात सापडत नाही. त्याच आठवड्यात ती कागदाच्या दोन भाकऱ्या घेऊन वर्गात गेली आणि त्या मुलीला म्हणाली, तुझे दोन तुकडे या अर्ध्यावर ठेव बरं. मुलीनं ठेवले, कडा जुळवल्या, पुन्हा उचलून ठेवले. तेवढं होईपर्यंत शिक्षिका गप्प उभी होती. मला विचाराल तर त्या पाठातलं अध्यापन तिथंच झालं.

साचा चालू ठेवताना काही धोके येतात. आशयाची चूक, म्हणजे शिक्षकानं मुलांना चुकीचं शिकवलं असेल, तर ती गटात लिहू नका. त्याच दिवशी फोन करा, कारण दुसऱ्या दिवशी मुलांपुढे ती दुरुस्त व्हायला हवी. रात्री नऊनंतर ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर टाका. साडेदहाला लिहिलेलं माणूस वेगळ्या मनानं वाचतो, याचा अनुभव वर सांगितलाच. आणि प्रतिक्रियांना गुण कधीही देऊ नका. गुण दिले की तीन वाक्यांची सात होतात आणि त्यातलं बघणं हरवतं. महाविद्यालयाला गुणांसाठी काही दाखवावं लागतंच, तर सुधारलेल्या टाचणाला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याला द्या.

गट महिनाभर मुरला की आठवड्याला एकाकडे फ्लँडर्सची मोजणी सोपवा. वर्गात कोण, कसं बोलतं हे टिपणारे त्यांच्या आंतरक्रिया विश्लेषणाचे दहा प्रकार आपण परीक्षेसाठी घोकतो आणि विसरतो. दर तीन सेकंदांनी एक नोंद, म्हणजे सहा मिनिटांच्या १२० नोंदी. वहीत उभ्या रेघा मारत गेलं, मध्ये मध्ये व्हिडिओ थांबवला, तर तासाभरात होतं. १२० पैकी किती रेघा शिक्षकाच्या बोलण्यावर पडल्या हे शिकवणाऱ्यानं स्वतः मोजावं, दुसऱ्यानं सांगू नये.

पुन्हा शिकवणं

चर्चेनंतर छात्राध्यापकानं अर्धं पान लिहायचं. ब्लॉगवर लिहा नाहीतर वहीत, पण मुलाचं आणि शाळेचं नाव घालू नका. मग टाचण बदलायचं आणि तेच सहा मिनिटांचं शिकवणं पुन्हा करायचं. वेळापत्रक भरलं की पहिल्यांदा कात्री लागते ती पुनर्अध्यापनाला. तेवढी लावू देऊ नका, पाठांची संख्या कमी झाली तरी चालेल. पुन्हा न शिकवता केलेली चर्चा म्हणजे औषध आणून कपाटात ठेवणं.

राज्यभरच्या शिक्षकांचे मोठे टेलिग्राम ग्रुप आणि २०१७ पासून चालू असलेलं 'दीक्षा' हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ या कामाचे नाहीत. साहित्य शोधायला दोन्ही चांगले. पण हजार जणांसमोर कुणी आपला अडलेला तुकडा दाखवत नाही, आणि दाखवूही नये.

शेवटची पायरी

वर्ष संपलं की फोल्डर रिकामं करायचं. आम्ही एप्रिलमध्ये एकत्र बसून करतो. ड्राइव्हमधलं पुसतो, 'ट्रॅश'मधलंही पुसतो, मग प्रत्येकजण फोनची गॅलरी उघडून शेजारच्याला दाखवतो. एखादा पाठ पुढच्या तुकडीला दाखवावासा वाटला तर छात्राध्यापकाची आणि त्या वर्गातल्या पालकांची नव्यानं संमती घेतो. ती नाही मिळाली तर तोही पुसतो, कितीही चांगला असला तरी. पालकांना दिलेल्या पत्रात तसं लिहिलेलं असतं.