सिअ‍ॅटलच्या मॅचिंग फंडातून आपल्या गल्लीचं काम कसं करून घ्यावं

सिअ‍ॅटलला नवीन आलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, घराशेजारचा तो पडीक तुकडा महापालिका कधी साफ करणार? आपल्याला नगरसेवकाला गाठून त्याच्या निधीतून काम करून घ्यायची सवय. इथे वेगळी वाट आहे, आणि मला ती मनापासून आवडते.

शहराच्या डिपार्टमेंट ऑफ नेबरहुड्सचा नेबरहुड मॅचिंग फंड १९८८ पासून चालू आहे. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काम सुचवायचं, आपला वाटा उचलायचा आणि शहर त्याला पैशांची जोड देतं. वाटा रोखच हवा असं नाही. श्रमदान, दुकानदाराने दिलेलं सामान, आर्किटेक्टने फुकट काढून दिलेला नकाशा, सगळं धरतात. श्रमदानाच्या तासाला शहराने दर ठरवलेला असतो. हे आकडे बदलतात, म्हणून हिशोब त्या वर्षीची नियमावली वाचूनच मांडा.

सिअ‍ॅटलच्याच फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाखालचा अठरा फुटी ट्रोल, म्हणजे लोककथेतल्या राक्षसाचा पुतळा, पाहिलात ना, हातात खरी फोक्सवॅगन गाडी धरलेला? पुलाखालची ती जागा पूर्वी कचऱ्याची होती. १९९० मध्ये याच फंडाच्या मदतीने तो उभा राहिला आणि कुठला नमुना घ्यायचा हे लोकांनी मत देऊन ठरवलं.

सुरुवात अर्जापासून करू नका, दारं ठोठावण्यापासून करा. आपल्या ओळखीची चार मराठी घरं गोळा करून भागत नाही. भाड्याने राहणारे, कोपऱ्यावरचा दुकानदार, तीस वर्षं तिथेच राहिलेल्या आजी, सगळ्यांना विचारा. कुणाला बाग हवी असते, कुणाला बसायला बाक. किती शेजारी खरोखर पाठीशी आहेत, हे शहर अर्ज तपासताना बघतंच.

मग जागा कुणाची ते शोधा. बागेची असेल तर पार्क खात्याची, रस्त्याकडेची असेल तर वाहतूक खात्याची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. गट नोंदणीकृत नसेल तर पैशांचा व्यवहार सांभाळायला एखादी नोंदणीकृत संस्था फिस्कल स्पॉन्सर म्हणून घ्या. अर्ज भरण्याआधी खात्यातल्या प्रोजेक्ट मॅनेजरशी बोला. ही माणसं मदत करायलाच बसलेली आहेत, संकोच करू नका.

श्रमदानाच्या दिवशी फाटकाशी टेबल मांडा आणि हजेरीचा कागद क्लिपबोर्डला लावून वर प्लॅस्टिक घाला, इथला पाऊस शाई राहू देत नाही. नाव, तारीख, काम, आल्याची-गेल्याची वेळ, सही. ब्लॅकबेरीची काटेरी जाळी उपटून चिखलाने माखलेला माणूस सही न करताच घरी पळतो, म्हणून एकाने तिथेच बसायचं. तो कागद म्हणजे तुमचा वाटा. करार होण्याआधी केलेलं काम सहसा धरत नाहीत, तेव्हा उत्साहाच्या भरात आधीच कुदळ मारू नका.

एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर श्रमदान खुशाल करा, पण प्रकल्पातून मानधन घेऊ नका. मनात शंका असेल तर वकिलाला विचारा.

आणि पत्ता नीट बघा. आपली बरीच मंडळी बेलव्ह्यू, रेडमंडला राहतात. ती वेगळी शहरं आहेत आणि हा फंड सिअ‍ॅटलच्या हद्दीतल्या कामांसाठी आहे. तिथे राहत असाल तर आपल्या सिटी हॉलमध्ये जाऊन तिथल्या योजनांची चौकशी करा.