कोकणात दमदार डेस्कटॉप जोडायचाय? यादी भिंतीतल्या प्लगपासून लिहा

बहुतेक जण यादी ग्राफिक्स कार्डापासून लिहायला घेतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांनी ती अर्थिंगपासून लिहावी, असं मी आग्रहाने सांगेन. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून घ्या. फेज-अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्टेज दिसायला हवा, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात चांगलं वाटणारं अर्थिंग खड्डा सुकला की मे महिन्यात दगा देतं, म्हणून तपासणी भर उन्हाळ्यातच करा.

मग काम ठरवा. होमस्टेचे ड्रोन व्हिडिओ 4के मध्ये एडिट करायचे, जोडीला थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), एवढ्याला रायझन 7 9700एक्स हा प्रोसेसर पुरतो: 8 कोअर, 65 वॉट. फक्त गेमिंग असेल तर 9800एक्स3डी. दिवसभर रेंडरिंग चालणार असेल तर 16 कोअरचा 9950एक्स आहे, पण तो 170 वॉटचा, आणि पत्र्याखालच्या माडीवर मेमधली दुपार काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. प्रोसेसरचा कूलर मी हवेचाच घेईन. पंखा गेला तर दुसरा लावता येतो. लिक्विड कूलरचा पंप गेला की मुंबईहून माल येईपर्यंत मशीन बंद.

रॅम डीडीआर5-6000, 32 जीबीच्या दोन पट्ट्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका. एसएसडी जेन 4 ची (चौथ्या पिढीची) पुष्कळ झाली.

ग्राफिक्स कार्डात आरटीएक्स 5070 टीआय घेतलं तर 16 जीबी मेमरी मिळते आणि एकटं कार्ड 300 वॉट खातं. पॉवर सप्लाय किमान 750 वॉटचा सांगतात, मी 850 लिहिला आहे. कार्डाची सोळा पिनांची केबल फट दिसेनाशी होईपर्यंत दाबा आणि सुरुवातीचे तीन-चार सेंटिमीटर वाकवू नका. अर्धवट बसलेली पिन तापून वितळते.

आता यूपीएस. डब्यावरचे व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॉट नव्हेत. 1000 व्हीएचा यूपीएस बहुधा 600 वॉटच देतो, आणि भर कामात असलेलं हे मशीन मॉनिटरसकट त्याच्या अगदी जवळ जातं. 1500 व्हीए, प्युअर साइन वेव्ह (सरकारी विजेसारखीच सलग लहर देणारा) घ्या. घरातला जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर पंख्या-बल्बांना ठीक, या पॉवर सप्लायला नाही.

कॅबिनेट निवडताना काचेच्या झगमगाटापेक्षा जाळ्या बघा. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त आणि प्रत्येकापुढे धुता येणारी जाळी, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. आपल्याकडच्या धुळीत मीठ असतं, ते ओल खेचतं, आणि मग यूएसबी पोर्टांवर हिरवट थर धरतो. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं लावा. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी हरवली असेल तर तीही बसवा. तिथूनच पाल आत जाते. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा. बंद मशीन एसीच्या खोलीत गार पडलेलं असेल तर एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नका. गार हीटसिंकवर (उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पात्यांवर) दव धरतं.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर सुटंच, मूळ खोक्यांत आणा. जोडलेल्या मशीनमध्ये कार्ड तसंच ठेवून घाट उतरलात तर स्लॉटवर ताण येतो. प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचा फोटो आणि जीएसटी बिल एकत्र ठेवा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून माल मागवलात तरी जोडणी पाऊस पूर्ण सरल्यावर, नोव्हेंबरात करा.

मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढाच, सोबत राउटरची लॅन केबलही. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडॅप्टरमधून तांब्याच्या केबलवर येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तेव्हा यादीत एक बाहेरची हार्ड डिस्क लिहा आणि कामाची दुसरी प्रत पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडे ठेवा.