घरच्या सौनासाठी किती किलोवॅटचा हीटर घ्यावा?

सौना म्हणजे हीटरवर रचलेल्या तापत्या दगडांनी गरम होणारी, आत बसून घाम काढायची लाकडी खोली. तिचा हीटर विचारायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती जण बसणार?" चौघे म्हणालात तर एक आकडा, सहा म्हणालात तर दुसरा. या प्रश्नाने बाकाची लांबी ठरते, हीटर नाही. हीटरला तापवायची असते ती खोलीतली हवा, वर रचलेले दगड आणि भिंती. त्यातही बेळगाव-खानापूर पट्ट्यात हिशोब बिघडतो तो भिंतीपाशी, कारण घर चिऱ्याचं असतं आणि "एक भिंत तशीच ठेवूया, छान दिसते" असं घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं.

आधी टेप घेऊन मोजा. गच्चीवरची जिन्याशेजारची खोली किंवा न्हाणीघराला लागून असलेली अडगळ, जी काही जागा काढली असेल तिची आतली मापं हवीत, तीही लाकूडकाम झाल्यावर उरणारी. भिंतीला पट्ट्यांची चौकट, तिच्यात रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), त्यावर चकचकीत बाजू आत करून अॅल्युमिनियमची फॉइल, मग बोटभर पोकळी सोडून फळ्या. एवढ्यात प्रत्येक भिंतीमागे तीन-चार इंच सहज जातात. आतून प्लायवूड मारू नका. तापल्यावर त्यातल्या गोंदाचा वास आणि वाफ श्वासात जाते.

उंचीकडे नीट बघा. आपल्या घरांत स्लॅब दहा फुटांवर असतो. सौनात छत सात फुटांवरच हवं, कारण गरम हवा वर जाऊन बसते आणि तुम्ही बसता खाली. दहा फुटांची खोली तशीच तापवली तर वरच्या तीन फुटांत कोळ्यांना सौना मिळेल. सुताराला सांगून सात फुटांवर लाकडी छत घाला आणि त्याच्या वरही रॉकवूल भरा. छताचं इन्सुलेशन भिंतीपेक्षा जाड असलेलं बरं.

आता आकडेमोड. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि आलेल्या घनफुटांना 45 ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये. 6 बाय 5 ची खोली, उंची 7, म्हणजे 210 घनफूट. भागिले 45, साधारण 4.7 किलोवॅट.

पण हे झालं चहूबाजूंनी लाकूड आणि इन्सुलेशन असलेल्या खोलीचं. काच, टाइल, शहाबादी, वीट, चिरा असा जो पृष्ठभाग आत उघडा राहील, त्याच्या दर चौरस फुटामागे 4 घनफूट वाढवून धरायचे. 2 बाय 6 चं काचेचं दार म्हणजे 12 चौरस फूट, वाढले 48. बेरीज 258, भागाकार 5.7. म्हणजे 6 किलोवॅटचा हीटर.

आता ती चिऱ्याची भिंत घ्या. 5 बाय 7, म्हणजे 35 चौरस फूट. तिच्यापोटी आणखी 140 घनफूट. बेरीज 398 वर गेली आणि हीटर 9 किलोवॅटवर. एका भिंतीच्या हौसेपायी तीन किलोवॅट वाढले, आणि पुढे दिसेल तसं सिंगल फेजचं काम थ्री फेजवर गेलं. भिंत आवडत असेल तर बाहेरच्या बाजूने मिरवा, आतून झाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडीसाठी वेगळा किलोवॅट मात्र वाढवू नका. डिसेंबरात पहाटे कितीही कुडकुडलो तरी आपली थंडी फिनलंडची नव्हे. तिथे बाहेर उणे तापमान असताना हाच हिशोब चालतो. घराच्या आतली खोली 18 अंशांवरून 80 वर न्यायला नीट निवडलेल्या हीटरला अर्धा ते पाऊण तास लागतो.

मोठाच घेतला तर काय बिघडतं? हवा झटकन तापते, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, आणि दगड व भिंती थंडच राहतात. दगडांवर पाणी टाकलं की चरचर होऊन वाफ यायच्या ऐवजी ते नुसतं खाली ओघळतं. डोकं भाजतं, पाय गार. लहान घेतला तर तो थांबतच नाही आणि एलिमेंट लवकर जातात. हीटरच्या माहितीपत्रकात खोलीचं किमान आणि कमाल घनमाप दिलेलं असतं. 6 किलोवॅटसाठी ते साधारण 5 ते 8 घनमीटर असतं. घनफुटांना 35.3 ने भागलं की घनमीटर मिळतात: आपले 258 म्हणजे 7.3. आकडा या मर्यादेत बसला पाहिजे, आणि त्यात उघड्या पृष्ठभागाची भर धरलेली असली पाहिजे.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. 230 व्होल्टवर 6 किलोवॅट देणारा हीटर 200 व्होल्टवर जेमतेम साडेचार देतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला किंवा ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वस्तीवर फार्महाऊस असेल, तर हा फरक कागदावरचा राहत नाही. वायरमनला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान बोलवा. आधी रिकाम्या लाईनवर मीटर लावून आकडा बघा, मग गिझर आणि इस्त्री दोन्ही चालू करून पुन्हा बघा. दुसरा आकडाच खरा. तो 210 च्या खाली उतरत असेल तर मोठा हीटर घेण्याआधी लाईनचं काम करून घ्या, कारण मोठा हीटर आणखी करंट ओढून व्होल्टेज अजून पाडेल. हीटरची प्लेटही वाचा. अमेरिकेसाठी बनवलेल्या हीटरवर 240 व्होल्टचा आकडा असतो. आपल्या 230 वर तो सुमारे आठ टक्के कमी तापतो.

6 किलोवॅट म्हणजे 26 अँपिअर. 16 अँपिअरच्या गिझर पॉइंटवर हे चालत नाही, प्लग वितळेल. बोर्डापासून थेट स्वतंत्र लाईन, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग एवढं लागतंच. गरम खोलीतला शेवटचा तुकडा उष्णता सोसणाऱ्या केबलचा, साधी पीव्हीसी वायर नाही. 9 किलोवॅट असेल तर थ्री फेज घ्या. मग दर फेजला साधारण 13 अँपिअर येतात. इन्व्हर्टरचा विचारही नको.

घराचा मंजूर लोड विजेच्या बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो दोन-तीन असेल तर आधी वाढवून घ्या. त्यासाठी वीज कंपनीकडे जायचं: बेळगाव आणि कारवारकडे हेस्कॉम, बिदर-भालकीकडे जेस्कॉम. शेतात घर आहे म्हणून पंपाच्या कनेक्शनवरून लाईन ओढायची कल्पना सुचत असेल तर ती तिथेच सोडा. ते कनेक्शन शेतीसाठी दिलेलं असतं, दुसऱ्या कामाला वापरलं की दंड.

खर्चाचं बोलायचं तर पाऊण तास तापवणं आणि तासभर बसणं यात 6 किलोवॅटचा हीटर साधारण 6 ते 7 युनिट घेतो. आठवड्यातून दोनदा धरलं तर महिन्याला 50-60 युनिट. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना घेणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं: महिन्याचा वापर 200 युनिटच्या वर गेला की सगळंच बिल भरावं लागतं.

दगड हीटरच्या कंपनीकडचेच घ्या, बहुधा ऑलिव्हिन डायबेस असतात. मलप्रभेतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर, पण त्यांच्या आत पाणी अडकलेलं असतं. तापले की तडकतात आणि तुकडे उडतात. जांभा तर भुगा होऊन खाली पडेल. दगड ठासून भरू नयेत, एलिमेंटच्या मधून हवा वर जायला वाट हवी. ताजी हवा आत येण्यासाठी हीटरजवळ एक झरोका आणि बाहेर जाण्यासाठी समोरच्या भिंतीत दुसरा ठेवा. लाकडापासून किती अंतर सोडायचं ते पुस्तिकेत इंचांनिशी दिलेलं असतं, त्यात सुताराचा अंदाज चालवू नका.

पावसाळ्यात एक काळजी जास्तीची. खानापूरकडच्या दमट हवेत दोन-तीन महिने बंद राहिलेल्या हीटरची एलिमेंट ओलावा धरतात आणि पुन्हा लावताना आरसीसीबी पडते. जून ते सप्टेंबर, वापर नसला तरी पंधरवड्याला अर्धा तास हीटर चालवा, लाकूडही कोरडं राहतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत बसू नये. दारू पिऊन तर कुणीच नाही.

हीटर बसल्यावर पहिल्या दिवशी आत कुणी बसायचं नाही. दार आणि झरोके उघडे ठेवून तासभर पूर्ण तापवा. एलिमेंटवरचं कारखान्याचं तेल आणि दगडांवरची धूळ जळून थोडा धूर आणि उग्र वास येईल. गार झाल्यावर दगड पुन्हा एकदा हलवून रचा, मग थर्मोमीटर वरच्या बाकाच्या उंचीला लावून 80 अंशांपर्यंत किती मिनिटं लागतात ते बघा. तासाच्या वर गेलं, तर आधी व्होल्टेज मोजा, मग दाराच्या फटी.