फरशीकडे नाही, कॉल बेलकडे बघा

इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून पहिला महिना मी चेकलिस्ट घेऊन वॉर्डभर फिरले. फरशी चकचकीत आणि फिनेलचा वास आला, की खूण करून मोकळी. मग एका सीनियर सिस्टरांनी फ्लोरोसंट जेल हातात दिलं. वाळल्यावर ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, यूव्ही टॉर्चखाली मात्र चमकतं. ओल्या फडक्याने नीट पुसलं तर निघून जातं.

आयसीयूत एका बेडभोवती मी गुपचूप दहा ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी लॉकरवरचा ठिपका गेलेला, पण बेडची रेलिंग, कॉल बेल, सलाइन स्टँड, मॉनिटरची बटणं यांवरचे जसेच्या तसे. हात तर सगळ्यात जास्त तिथेच लागतो! असिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या जागीही आठवडेच्या आठवडे तग धरतात.

रागावण्याआधी सफाईच्या मावशींना विचारलं, हे बरं झालं. "मशीनला हात लावला की सिस्टर ओरडतात," त्या म्हणाल्या. सिस्टरांना वाटत होतं, पुसणं मावशींचं काम. म्हणजे मॉनिटर कुणाचाच नव्हता. तुम्हीही या कामावर रुजू झालात की पहिली ही यादी करा: कोणती वस्तू, कोण पुसणार, कधी. आमच्याकडे मॉनिटर आणि सलाइनचे पंप सिस्टरांकडे आले, रेलिंग आणि बेल मावशींकडे.

ठिपका गेला म्हणजे फडकं फिरलं, एवढंच कळतं. जंतू मेले का, ते द्रावणावर आणि वेळेवर ठरतं. रक्त-घाण आधी पुसून काढा, नाहीतर हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) त्यातच खर्ची पडतं. ५ टक्क्यांचं असेल तर १ भागाला ४ भाग पाणी घातलं की १ टक्का होतं. रोज ताजं करा. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ते पुसलेल्या जागेवर १० मिनिटं ओलं राहायला हवं. पंख्याखाली आधीच वाळतं, म्हणून घड्याळ लावून उभ्या राहा. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

जागा किती स्वच्छ ते मोजणाऱ्या एटीपी मशीनच्या आकड्याला जंतूंची संख्या समजू नका. तो सेंद्रिय अवशेषांचा अंदाज आहे. त्यात रक्त, घाम, अन्नही आलं. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडूनही पाहू नका.

आणि निकाल मीटिंगमध्ये नेण्याआधी मावशींना दाखवा, टॉर्च त्यांच्याच हातात देऊन. आमच्या मावशी आता राउंडला मलाच विचारतात, "आज बेलच्या मागच्या बाजूला लावलंत ना?"