घाटात गाडी तापली आणि सोबत कुत्रा आहे: अशा वेळी काय करावे

मे महिन्यात चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे निघालेल्या गाडीची खरी परीक्षा चढणीवर होते. भरलेली गाडी, खालचा गिअर, चालू एसी आणि पुढे संथ चढणारा ट्रक असा योग जुळला की इंजिन तापते. वेग कमी असल्याने रेडिएटरमधून पुरेसा वारा जात नाही आणि सारी भिस्त पंख्यावर येऊन पडते. मागच्या सीटवर कुत्रा असेल तर पेच दुहेरी होतो, कारण इंजिन वाचवण्यासाठी एसी बंद करावा लागतो आणि नेमकी तेव्हाच कुत्र्याला गारव्याची गरज असते. अशा वेळी आधी कुत्रा आणि मग इंजिन हा क्रम मनाशी पक्का असावा.

तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच एसी बंद करून सर्व काचा उघडाव्यात आणि वळण टाळून रुंद, शक्य असल्यास सावलीची जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. इंजिनची उष्णता कमी करण्यासाठी हीटर पूर्ण चालू करण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. तो इंजिनपुरता बरोबर आहे, परंतु ती सारी उष्णता आत येत असल्याने कुत्रा गाडीत असताना हा उपाय करू नये. लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ येऊ लागली तर इंजिन ताबडतोब बंद करावे. हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा आणि धोक्याचे दिवे चालू ठेवावेत. दार उघडण्यापूर्वी कुत्र्याच्या पट्ट्याला दोरी अडकवून ती हातात घट्ट धरावी. घाटात माकडे असतात, अवजड वाहनांचे हॉर्न वाजत असतात आणि बिथरलेला कुत्रा क्षणात दरीच्या किंवा रस्त्याच्या दिशेने धावतो. डांबर तापलेले असेल तर त्याला मातीवर किंवा गवतावर उभे करावे.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर तापूनही उकळलेले नसते, पण झाकण सैल होताच ते उसळून हात आणि चेहरा भाजतो. किमान अर्धा तास थांबून, इंजिन हाताला सोसवेल इतके निवल्यावरच प्लॅस्टिकच्या टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे पाहावे. कूलंट नसेल तर अडचणीपुरते स्वच्छ पाणी चालते, मात्र ते थोडे थोडे घालावे, कारण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते. पातळी पुन्हा उतरू लागली तर गळती आहे असे समजून पुढची चढण चढू नये आणि टोइंगची गाडी बोलवावी. इंजिनसाठीचे पाणी आणि कुत्र्याच्या पिण्याचे पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवावे, म्हणजे एकासाठी दुसरे संपत नाही.

या अर्ध्या तासात कुत्र्याकडे सतत लक्ष हवे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही आणि धाप टाकूनच तो शरीर गार ठेवतो, त्यामुळे पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जाती लवकर अडचणीत येतात. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांवर गेल्यास जिवाला धोका असतो. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, उलटी आणि लटपटणारे पाय ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच दवाखान्याकडे निघण्याआधी त्याच्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी थोडे थोडे पाजावे, पण घशात ओतू नये. धाप कमी झाली की पाणी ओतणे थांबवावे. त्यानंतर तो सावरलेला दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचे परिणाम नंतरही दिसू शकतात. आपली गाडी निवलेली नसेल तर येणाऱ्या वाहनाला हात करून मदत मागण्यात संकोच करू नये.

चहासाठी थांबताना काच थोडी खाली करून कुत्र्याला गाडीत ठेवणे पुरेसे आहे का, असे अनेक जण विचारतात. ते पुरेसे नाही. उन्हात उभ्या गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते आणि किंचित उघडलेल्या काचेने त्यात फारसा फरक पडत नाही.

सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट गाडीखालच्या ओलाव्याची आहे. एसीचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि ते निरुपद्रवी आहे. रंगीत आणि बोटांना बुळबुळीत लागणारा द्रव मात्र बहुधा कूलंट असतो. अनेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असल्याने कुत्रे चाटतात आणि थोड्या मात्रेतही ते प्राणघातक ठरते. आधी कुत्रा नशेत असल्यासारखा झोकांड्या खातो, मग काही तास बरा वाटतो आणि दोन-तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. मधल्या काळातील बरे वाटणे फसवे असते. उतारा पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो, म्हणून चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि कूलंटच्या कॅनवरील लेबल पशुवैद्यांना दाखवावे. सांडलेल्या जागेवर माती टाकून ती गोळा करावी आणि मग जागा भरपूर पाण्याने धुवावी. गळती दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीखाली सोसायटीतील इतर कुत्री-मांजरेही बसणार नाहीत याची व्यवस्था करावी.