ऑब्फस्केशननंतर ॲप बिघडतंय? कोड तपासताना या चुका टाळा

समजा, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव दाखवणारं एक अँड्रॉइड ॲप आहे. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे आपल्या चाचणीच्या आवृत्तीत, किमान, कमाल, सरासरी सगळं नीट दिसतं. लोकांना द्यायचा रिलीज बिल्ड टाकला की तिन्ही रकान्यांत शून्य. क्रॅश नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही. ट्रॉली भरायची की थांबायचं हे ठरवण्यासाठी मोबाईल उघडणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने असं ॲप बंद पडलेल्या ॲपपेक्षा वाईट.

कारण साधं आहे. रिलीज बिल्ड बनवताना आर८ हे साधन न वापरलेला कोड काढतं आणि ऑब्फस्केशनही करतं, म्हणजे क्लास, मेथड आणि फील्डची नावं बदलून ए, बी, सी करतं. कोड कोडला हाक मारतो तिथे दोन्हीकडचं नाव एकदमच बदलतं, म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते नाव मजकूर म्हणून वापरलेलं असतं तिथे. कंपायलरला हे दिसत नाही, त्यामुळे शोधायचं काम आपलंच.

वरच्या उदाहरणात सर्व्हरकडून आलेला जेसन मजकूर वाचणारी जीसन लायब्ररी फील्डच्या नावावरून त्यातली की (आकड्याचं नाव) शोधते. फील्डचं नाव ए झालं, सर्व्हरकडून मात्र जुनीच की येते. जुळत नाही म्हणून जीसन मुकाट्याने पुढे जाते आणि आकडा शून्यच राहतो. सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रत्येक डेटा क्लासच्या प्रत्येक फील्डवर सिरियलाइज्डनेम ॲनोटेशनने सर्व्हरची की लिहा. नाव आज योगायोगाने जुळतंय म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी जागा रिफ्लेक्शनची, म्हणजे ॲप चालू असताना क्लास किंवा मेथड नावाने शोधण्याची. प्रोजेक्टभर फॉरनेम, गेटडिक्लेअर्डफील्ड, गेटडिक्लेअर्डमेथड हे शब्द शोधा. क्लासचं पूर्ण नाव सरळ स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं असेल तर आर८ ते बहुधा ओळखतो. पण ‘द्राक्ष’, ‘कांदा’, ‘डाळिंब’ असं पिकाचं नाव घेऊन त्याला ‘कॅल्क्युलेटर’ जोडायचं आणि तो क्लास रनटाइमला उचलायचा, अशी रचना असली की आर८ला काहीच कळत नाही. त्याच्या लेखी हे क्लास कोणी वापरतच नाही, म्हणून तो ते काढूनही टाकतो. इथे ‘याला हात लावू नको’ असं आर८ला सांगणारा कीप नियम लावण्यापेक्षा कॉटलिनचं साधं व्हेन लिहून प्रत्येक पिकाचा क्लास थेट नेमावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पिकं वाढली तर एक ओळ वाढेल, बस्स.

सगळ्यात उशिरा सापडणारी चूक क्लासचं नाव देणाऱ्या गेटसिंपलनेमची. क्लासच्या नावावरून शेअर्ड प्रेफरन्सेसची (फोनवर सेटिंग्ज साठवण्याच्या जागेची) की बनवली की पहिल्या रिलीजमध्ये सगळं चालतं. पुढच्या रिलीजमध्ये त्याच क्लासला वेगळं अक्षर मिळू शकतं आणि शेतकऱ्याने निवडून ठेवलेली बाजार समिती गायब होते. सिरियलायझेबल ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवला असेल तरी हेच. नवं इन्स्टॉल करून तपासलं तर हे कधीच दिसणार नाही. आधीचा रिलीज टाका, थोडा वापरा, मग त्यावरच अपडेट चढवा. या की मात्र हाताने लिहिलेल्या कॉन्स्टंट स्ट्रिंगच ठेवा.

सी किंवा सी++ कोड असेल तर नेटिव्ह मेथडची (जावातून बोलावलेल्या, पण सी++ मध्ये लिहिलेल्या) नावं अँड्रॉइडचे नेहमीचे नियम सांभाळतात. उलट दिशेने, सी++ मधून नावाने बोलावलेल्या जावा मेथड मात्र कोणी सांभाळत नाही. त्यांना कीप ॲनोटेशन लावा.

बिघाड झाल्यावर घाईने अख्ख्या पॅकेजवर कीप लावणं हीसुद्धा चूकच. ॲप चालतं, पण ते ना लहान होतं ना झाकलं जातं. त्याऐवजी आधी आर८च्या नियमांच्या फाइलमध्ये फक्त डोंटऑब्फस्केट लावून बिल्ड करा. तरीही बिघाड राहिला तर दोष नाव बदलण्याचा नाही. कोड काढला जातोय किंवा ऑप्टिमायझेशन आड येतंय. मग डोंटश्रिंक, मग डोंटऑप्टिमाइझ, एकेक करून पाहा. काय काढलं गेलं त्याची यादी प्रिंटयूसेज देतं. लायब्ररींनी आणलेले धरून सगळे नियम प्रिंटकॉन्फिगरेशन एकत्र दाखवतं. इशारे गप्प करायला डोंटवॉर्नच्या ओळी चिकटवत सुटू नका, प्रत्येक इशारा आधी वाचा.

जुना प्रोजेक्ट अपग्रेड करताना जास्त जपा. आर८ 2019 मध्ये अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन (ॲप बिल्ड करणारं साधन) 3.4 पासून आपोआप लागू झाला, आणि 2023 च्या 8.0 पासून त्याचा जास्त कडक फुल मोडही. आर८च्या आधीच्या प्रोगार्ड या साधनाच्या काळातले नियम तिथे अपुरे पडू शकतात.

ऑब्फस्केशनमुळे कोडमधली एपीआय की (सेवा वापरायची गुप्त खूण) सुरक्षित झाली असंही समजू नका. स्ट्रिंग जशीच्या तशी राहते.

कुठलं नाव बदलून काय झालं हे नोंदवणारी मॅपिंग फाइल प्रत्येक बिल्डला नव्याने लिहिली जाते. ॲप बंडल प्ले कन्सोलवर चढवलं तर ती सोबत जाते. पण व्हॉट्सॲपवरून थेट एपीके वाटत असाल तर व्हर्जन नंबरसह ती स्वतः जपून ठेवा. तीच फाइल रीट्रेस या साधनाला दिली की ए.बी.सी असा आलेला क्रॅश पुन्हा तुमच्या क्लासच्या नावांनी वाचता येतो.