इंटरव्हल मारताय? मग निदान या चुका तरी टाळा

रविवारी सकाळी सहाला ठाण्याच्या उपवन तलावाजवळच्या टपरीवर आमचा चहा होतो आणि तिथे दर महिन्याला एखादा नवा गडी येऊन मिळतो. सायकल कोरी करकरीत, मोज्यांवरही डाग नाही आणि मोबाइलमध्ये कुठल्या तरी परदेशी कोचचा इंटरव्हलचा प्लॅन, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम अशा फेऱ्या. मग ठरलेला प्रश्न : "दादा, टबाटा बेस्ट की फोर बाय फोर?" चहा संपेपर्यंत मी उत्तर देत नाही. गड्याने तीन आठवड्यांत चार पद्धती बदललेल्या असतात, पूर्ण एकही केलेली नसते.

पहिल्या फेरीतच जीव काढणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मी स्वतः ती मनसोक्त केलेली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

फोर बाय फोर म्हणजे चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये तीन-तीन मिनिटं हलकं पेडलिंग. फेरीत हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर न्यायचे. येऊरच्या चढावर मी हे पहिल्यांदा करायला गेलो, नवं घड्याळ बांधून. पहिलं मिनिट संपलं तरी घड्याळ १४५ च्या पुढे जाईना. मला वाटलं, आपण कमी पडतोय. मी गिअर वाढवला, उभा राहिलो, सायकल डावी-उजवी झोडपली. तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती : पाय आता जे करतायत ते ठोक्यांत दिसायला मिनिट-दोन मिनिटं जातात. आकडा वर आला तोवर मी उधारीवर चाललो होतो.

दुसरी फेरी दात-ओठ खात निघाली. तिसऱ्या फेरीत सव्वा मिनिटाने उतरलो आणि सायकल ढकलायला लागलो. मागून पाड्यावरच्या एक मावशी आल्या, डोक्यावर लाकडाची मोळी, पायात स्लिपर. सहज मला मागे टाकलं आणि वळून विचारलं, "पंचर झाली का रे?"

"हो मावशी," म्हणालो. काय सांगणार?

तेव्हापासून मी चढावर घड्याळ बघत नाही, विजेचे खांब मोजतो. पहिल्या फेरीत चार मिनिटांत ज्या खांबापर्यंत पोचलो, चौथ्या फेरीतही तिथवर पोचलं पाहिजे. दोन खांब कमी पडले तर चूक चौथ्या फेरीत झालेली नसते, पहिल्या फेरीत झालेली असते. पहिली फेरी जरा लाज वाटेल इतकी सावकाश काढा. शेजारून कोणी सुसाट गेला तर जाऊ द्या, तिसऱ्या फेरीत भेटतोच.

"मामा, फक्त चार मिनिटं!"

ऐरोलीचा माझा भाचा. त्याचा टबाटा म्हणजे वीस सेकंद जोर, दहा सेकंद आराम, आठ वेळा, झालं. रोज करायचा, तेही घरून निघाल्या निघाल्या, वॉर्म-अप न करता. महिन्याभराने म्हणाला, "मामा, काही फरक नाही."

फरक कसा पडणार? इझुमी टबाटा यांचा तो प्रसिद्ध अभ्यास १९९६ चा, प्रयोगशाळेतल्या स्थिर सायकलवर केलेला. भार इतका लावायचे, की सात-आठ फेऱ्यांत माणूस संपलाच पाहिजे. शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं त्या पातळीच्या १७० टक्के. सहा आठवड्यांत ऑक्सिजन वापरायची क्षमता आणि ऑक्सिजन अपुरा पडत असताना जोर काढायची ताकद, दोन्ही वाढल्या, हे खरं. पण दहाव्या सेकंदाला रिक्षा आडवी येते अशा रस्त्यावर तो भार लागतच नाही. भाचा करत होता ते टबाटा नव्हतं, टबाटाच्या वेळापत्रकात केलेली साधी घाई होती. आणि ज्याला आठवी फेरी संपवून लगेच फोनवर बोलता येतं, त्याने टबाटा केलेलाच नाही.

मग माउंटन बाइकला काय लागू पडतं? ट्रेलवर, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर, जोर एकसारखा लागत नाही. दगडांची पायरी, दोन वळणं, पुन्हा चढ. जोर सुटतो, पण श्वास पुरता खाली येत नाही. याच्या सगळ्यात जवळ जाते ती थर्टी-फिफ्टीन : ३० सेकंद जोर, १५ सेकंद हलकं, असं १३ वेळा. मग तीन मिनिटं आराम, असे तीन सेट. नॉर्वेच्या बेंट रोन्नेस्टाड यांनी मुरलेल्या सायकलस्वारांवर ही पद्धत पाच-पाच मिनिटांच्या लांब फेऱ्यांशी ताडून पाहिली, तेव्हा १० आठवड्यांनी छोट्या फेऱ्यांचं पारडं जड ठरलं. पण 'मुरलेल्या' हा शब्द पुन्हा वाचा. नवख्याला मी आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या देतो, मध्ये दोन मिनिटं. खारघर हिलचा रस्ता त्यासाठी झकास. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही. सहा-सात आठवडे ते झालं की थर्टी-फिफ्टीनला हात घालायचा. त्यात ठोक्यांचा आकडा बघू नका, ३० सेकंदांत तो काही सांगत नाही.

आणखी एक दुखणं : सगळा सराव पाम बीच रोडच्या डांबरावर करायचा आणि मुरमावर सायकल का घसरते म्हणून विचारायचं. डांबरावर उभं राहून जोर काढता येतो. मुरमावर उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन सुटतं आणि चाक जागीच फिरतं. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या मी कच्च्या रस्त्यावर, सीटच्या पुढच्या टोकावर बसून, कोपरं खाली दाबून काढतो. उतार म्हणजे आराम हाही गैरसमज. हात, खांदे, पाठ तिथेच राबतात. दमलेल्या बोटांनी ब्रेक दाबत उतरण्यापेक्षा पाच मिनिटं थांबा.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे.

आठवड्यात दोनच दिवस इंटरव्हल. तिसरा करावासा वाटला तर झोपा.

सोपी राइड म्हणजे सोपी राइड. मी सतराचा पाढा म्हणत जातो. 'सतरा पंचे पंच्याऐंशी'ला धाप लागली तर गिअर हलका. ग्रुपमध्ये गेलात तर पाढा विसराल, एकटे जा.

कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, हा फक्त अंदाज आहे, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरात ठाण्याच्या दमट हवेत त्याच जोराला ठोके वर चढत जातात. आकडा गाठला म्हणून खूश होऊ नका. साडेसहाच्या आत संपवा.

येऊरच्या जंगलातल्या पायवाटा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. परवानगी नसेल तर डांबरी चढावरच राहा, गुपचूप आत शिरून नंतर फोटो टाकू नका.

आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर इंटरव्हलची घंटी वाजली तर ती फेरी सोडा. मी सोडली नव्हती, डाव्या कोपरावर खूण अजून आहे.